पलीकडची जमीन

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. भ्यालेल्या माणसाच्या कानाशी जसं हळू बोलतात, तशीच ती सांगावी लागते. देवानं प्रत्येकाच्या पोटात थोडी थोडी भीती घालून धाडलं आहे, कुणाला चिमूटभर, कुणाला ओंजळभर. आपल्या गोष्टीतली बाई ओंजळवाली. रस्त्यांच्या कचेरीत ती नकाशे काढते, म्हणून सगळे तिला नकाशेबाई म्हणतात. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणारी, शेजारच्या घरात भांडं पडलं तरी छातीवर हात ठेवणारी. अशा बाईनं एका संध्याकाळी काय केलं ते सांगतो. आधी मात्र तिच्या चपलेचा अंगठा तुटला तिथून सुरुवात करायला हवी, कारण सगळं तिथूनच सुटलं.

सकाळची घाईची वेळ होती. ती रोजच्यासारखी मोठ्या चौकाखालच्या सबवेतून कचेरीकडे निघाली होती. पायऱ्या उतरून चार पावलं गेली असेल नसेल, अंगठा तुटला. गर्दीच्या पायांत अडकायला नको म्हणून ती भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसली, चप्पल हातात घेतली, आणि सहज वर बघितलं. समोरून माणसं येत होती, पण त्यांना पाय नव्हते. आधी फरशीतून एक डोकं उगवलं, मग खांदे, मग छातीशी धरलेली पिशवी, आणि पाय सगळ्यांत शेवटी, जणू जमिनीनं नाइलाजानं परत केल्यासारखे. त्यामागून दुसरं डोकं. पलीकडच्या पायऱ्या कुठंच नव्हत्या. जिथं त्या असायला हव्यात तिथं फरशी वर चढत जाऊन एकदम संपत होती आणि तिच्यावर पांढऱ्या उजेडाची एक पट्टी तरंगत होती. खाली काय आहे, काहीच कळत नव्हतं. या सबवेतून ती वर्षानुवर्षं जात होती. मधे थोडा उंचवटा आहे, पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून ठेवलेला, हे तिच्या पायांना ठाऊक होतं, पण डोळ्यांना आजवर कधी कळलं नव्हतं, कारण ती कायम उभी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाकून विचारलं, “चक्कर आली का, बाळ?” ती नाही म्हणाली. चक्कर कसली, बाबा, मला पहिल्यांदा दिसलं, असं तिला म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं सबवे राहिलाच नव्हता. शहराबाहेर, हमरस्त्याच्या पोटात, तिनंच आखलेला एक बोगदा होता, आणि त्याच्या तोंडाशी एक अस्वलीण थांबून आत बघत होती.

ती अस्वलीण तिनं प्रत्यक्ष कधी बघितली नव्हती. बोगद्याच्या तोंडाशी बसवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेली तेवढी पाहिली होती. पूर्वी ते जंगल अखंड होतं. मधून हमरस्ता गेला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यात जनावरांच्या गुहा राहिल्या, दुसऱ्यात बारमाही पाण्याची तळी. उन्हं तापली की गुहांकडचा ओढा आटतो, आणि मग जनावरांना रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन्ही तुकडे जोडणारी एक वाट राहावी, रस्त्याला दोन्हीकडून कुंपण असावं आणि रस्त्याखालून बोगदा असावा, असं ठरलं तेव्हा त्याचा नकाशा हिच्या टेबलावर आला. तिनं तो देवाचं काम समजून काढला. पुढं रस्ता रुंद झाला, बोगदा लांबला, पहिल्याच पावसात आत गुडघाभर पाणी साचलं, आणि बैठकीत सगळे डोक्याला हात लावून बसले असताना हिनंच सुचवलं की तळ मधे उचलून घेऊ, पाणी दोन्हीकडे निघून जाईल. साहेब खूश झाले. उंचवटा बांधून झाल्यावर दोघं तोंडाशी जाऊन उभे राहिले. “आरपार दिसतंय,” साहेब म्हणाले. “दिसतंय,” ती म्हणाली. दिसत होतंच. दोघं उभे होते ना. मग डुकरं जाऊ लागली, ससे गेले, साळिंदर गेलं. अस्वलीण मात्र यायची, थांबायची, मान खाली घालून हुंगायची, आत बघायची, आणि तिच्यामागे तिचं पिल्लूही तसंच बघायचं. मग दोघं मागे फिरायची आणि बोगद्याची सवय होईपर्यंत म्हणून दोन्हीकडच्या कुंपणात समोरासमोर मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेतून रस्त्यावर चढायची. “सवय होईल,” बैठकीत सगळे म्हणाले. तीही म्हणाली.

आणि ती का म्हणाली, तेही सांगितलं पाहिजे. तिची धाकटी बहीण नर्स आहे, जंगलापलीकडच्या दवाखान्यात. रोज संध्याकाळी, नेमकी जनावरं निघण्याच्या वेळेला, ती स्कूटरवरून त्याच रस्त्यानं घरी येते. आई गेल्यापासून दोघींचं घर एकच, ताटं वेगळी पण भाजीचं भांडं एक. दोन महिन्यांपूर्वी त्या मोकळ्या जागेतून अस्वलीण अचानक रस्त्यावर आली आणि धाकटी ब्रेक दाबून घसरली. मनगट मोडलं. अस्वलीण तिच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. धाकटी ही गोष्ट हसून सांगते. “ताई, तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, हात दाखवून वळत जा म्हणावं.” पण ती झोपेत दात खाते, आणि नकाशेबाई भिंतीकडे तोंड करून ते ऐकत राहते. रोज दिवेलागणीला स्कूटरचा आवाज येईपर्यंत ती खिडकीपाशी उभी असते, हातातलं काम हातातच राहतं. म्हणून ती मोकळी जागा बंद करून टाकू या असं ठरलं तेव्हा तिच्या पोटातली गाठ सैल झाली होती. वाट बोगद्यातून आहे, बोगदा चांगला आहे, सवय होईल. आता तुटकी चप्पल हातात धरून ती सबवेत बसली होती आणि ती गाठ पुन्हा आवळली जात होती, पण आता दोन्ही टोकांनी. जागा उघडी राहिली तर धाकटी. बंद झाली तर ती दुसरी, तिच्या पिल्लासकट, आटलेल्या ओढ्याच्या बाजूला कायमची कोंडलेली. आणि बंद होणार होती ती आजच.

कचेरीत ती एका पायात चप्पल, एका पायात नाही, अशी साहेबांपुढं उभी राहिली. साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त उशीर झालेला आवडत नसे. “अहो बाई, आज काय व्रत धरलंय का, एका पायावर?” ते म्हणाले. तिनं सांगितलं. घाबरलेलं माणूस सांगतं तसं सांगितलं, शेपूट आधी आणि डोकं मागून. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे अस्वलाला उजेड दिसतो.”

“उजेड दिसतो, साहेब. जमीन दिसत नाही. पुढं कडा आहे की खड्डा, त्याला कळत नाही. चार पायांच्या जिवाला पाय कुठं पडणार ते आधी दिसावं लागतं.”

“तुम्हाला अस्वलाच्या मनातलं कधीपासून कळायला लागलं?”

“आज सकाळपासून,” ती म्हणाली, आणि आपण चेष्टा केली असं साहेबांना वाटलं की काय, म्हणून आणखी घाबरली. साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मिस्त्री वेल्डिंगचं सामान घेऊन निघालाय. तोंडी सांगण्यावर मी काम थांबवलं तर मला वर उत्तर द्यावं लागेल, आणि उद्या कुंपणातल्या त्या फटीपायी कुणी मेलं तर तेही मलाच. तुमच्याच बहिणीचं मनगट ना ते? मला दाखवा. डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी दाखवा.” दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली, “आणि बाई, चप्पल घ्या आधी.”

कचेरीची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका बोलके. सबंध वाटेत ते आपल्या नातीच्या दातांबद्दल सांगत राहिले, आणि ती हं हं म्हणत राहिली. इमारती मागे पडल्या, गोदामं आली, मग तीही संपली. दोन्हीकडे कुंपणाची उंच जाळी सुरू झाली, आणि तिला वाटलं, आपण नळीत ओतलेल्या पाण्यासारखे पुढं चाललो आहोत, मधे कुठं उतरायची सोयच नाही. तिचे वडील गाऊन निरूपण करायचे. ऐन रंगात आले की गाणं मधेच थांबवायचे, आणि सगळी सभा नकळत पुढं झुकायची. त्या शांततेत ते म्हणायचे, “भीती वाईट नाही रे. ज्याच्यावर माया नाही त्याच्यासाठी कोण भितं?” लहानपणी ती त्यांच्या मांडीशी बसून ते ऐकायची आणि तिला वाटायचं, म्हणजे आपली माया फार आहे. आता जाळीकडे बघताना तिला वाटलं, बाबांनी हे अर्धंच सांगितलं. माया दोन ठिकाणी असली आणि एकीला वाचवायला दुसरीला कोंडायचं असलं, तर त्या भीतीचं काय करायचं, ते राहून गेलं. “खाली उतरून जाणार एकट्या?” काकांनी गाडी कडेला लावत विचारलं. “मी येतो बरोबर.” तुम्ही वर मिस्त्रीपाशी थांबा, मी सांगेपर्यंत शेवटची जाळी लावू देऊ नका, असं तिनं सांगितलं. “तो माझं कशाला ऐकेल?” काका म्हणाले. “त्याला नातीच्या दातांचं सांगा,” ती म्हणाली. काका हसले, तिला मात्र हसू आलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं.

बोगद्याच्या तळ्यांकडच्या तोंडाशी ती आधी उभी राहिली. आरपार दिसत होतं, पलीकडची झाडं, जमीन, दगड, सगळं जागच्या जागी. मग ती गुडघ्यांवर आली, मग हातांवर, आणि मान खाली घातली. झाडं गेली. जमीन गेली. काँक्रीटचा राखाडी तळ वर वर चढत जाऊन तुटला, आणि तुटल्यावर नुसतं पांढरं. तिनं त्या उंचीवरून फोटो काढला, साहेबांना पाठवला आणि लिहिलं, बघा. फोटो जाईना; वर रस्ता, चहूकडे टेकाड, फोनला रेंज नव्हती. मागे फिरून वर चढावं, तिथून पाठवावं, एवढंच खरं तर उरलं होतं. पण सांगतो काय, माणूस कधी कधी भीतीच्या पुढं पळायला लागतं, जसं उतारावर पाय आपोआप पडतात. तिला वाटलं, एका फोटोवर साहेब म्हणतील, सवय होईल. उंचवट्यावर पोचेपर्यंत दर थोड्या अंतरावर काढू या. म्हणून ती रांगत आत गेली. गुडघ्यांना काँक्रीट बोचत होतं. डुकरांचा वास होता, ओल्या मातीचा होता, आणि वरून प्रत्येक गाडी गेली की छताचा थरथराट तिच्या तळहातांतून दातांपर्यंत यायचा. आपण हे सगळं नकाशावर एका रेघेनं काढलं होतं, ती मनात म्हणत होती, एका रेघेनं, पेन्सिल न उचलता. ती उभी राहू शकत होती, छत उंच होतं, पण उभं राहायचा धीर होईना. उभं राहिलं तर खरं दिसणार नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मागचा उजेड बारीक झाला. पुढचा मोठा होईना. आणि उंचवट्याच्या माथ्यावर हात ठेवून तिनं डोकं वर काढलं तेव्हा पलीकडचं तोंड एकदम सगळं दिसलं, जमिनीसकट, दगडांसकट, आणि त्यात मधोमध ती दोघं.

कॅमेऱ्यात अस्वलीण लहान दिसायची. इथं तिनं अर्धं तोंड अडवलं होतं. पिल्लू तिच्या पोटाखालून पुढं आलं होतं आणि दोन पावलं आतही. नकाशेबाईनं श्वास घेतला नाही, सोडला नाही. पिल्लू आणखी दोन पावलं आत आलं. जंगलखात्याच्या माणसांनी कितीतरी वेळा सांगितलेलं तिला आठवलं, अस्वल परवडलं, पिल्लाची आई नाही. ती पोटावर मागे सरकू लागली, बोट बोट करत, हनुवटी काँक्रीटवर घासत, आणि उंचवट्याच्या अलीकडे आल्याबरोबर पलीकडचं सगळं पुन्हा बुडालं. ती दिसेनाशी झाली तशी हीही त्यांना दिसेनाशी झाली असणार. स्वतःच्याच चुकीच्या, त्या उंचवट्याच्या, मागे नकाशेबाई पालथी पडून होती, आणि त्या चुकीनं तिला झाकलं होतं. पलीकडून हुंगण्याचा आवाज येत होता, लांब, ओला, मधेच थांबणारा. हिचा वास त्यांना लागला असेल का, आणि लागला असेल तर तिनं त्यांच्यासाठी हा बोगदा आणखीच परका करून ठेवला, ही लाज तिला त्या भीतीतही वाटली. नखं काँक्रीटवर वाजली. जवळ की दूर, कळेना. बोगद्यात सगळेच आवाज अंगावर येतात. तिनं देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि तोंडात धाकटीचं नाव आलं. मग एक खाकरल्यासारखा हुंकार, पिल्लाची लगबग, दगड गडगडले. नंतर काही नाही. अस्वलीण मागे फिरली होती. आणि मागे फिरून ती कुठं जाते, हे कॅमेऱ्यानं पुन्हा पुन्हा दाखवलं होतं: टेकाडावरून वर, कुंपणातल्या मोकळ्या जागेकडे, रस्त्यावर. धाकटी सुटण्याची वेळ झाली होती.

नकाशेबाई कशी वर आली, ते तिलाही सांगता येणार नाही. गुडघे सोलवटले होते, नव्या चपलांतली एक बोगद्यात राहिली होती. मिस्त्री आणि त्याची दोन माणसं जाळीचा शेवटचा तुकडा धरून उभी होती आणि काका त्यांच्यापुढं हात पसरून बोलत होते. “बाई, हे कुणाची तरी दाढ पडली म्हणून अर्धा तास सांगतायत,” मिस्त्री वैतागून म्हणाला, “लावू का नको?” “नको,” ती म्हणाली. “तो तुकडा खाली ठेवा. सगळे गाडीत बसा, काचा वर करा. ती येतेय.” फोनला आता रेंज होती, फोटो आपोआप गेले होते आणि साहेबांचा फोन वाजत होता. “बाई, बघितले मी,” साहेब म्हणाले, त्यांचा आवाज बदलला होता. “तळ फोडून सपाट करू. पाण्याचं दुसरं काहीतरी बघू. पण तोवर ती फट उघडी ठेवायची म्हणजे रस्ता कोण थांबवणार?” तिला स्वतःलाच आधी ऐकायचं होतं, ती काय म्हणते ते. मिस्त्रीच्या सामानातलं लाल फडकं तिच्या हातात होतं. ते तिनं कधी उचललं, कुणास ठाऊक.

ती रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिली, शहराकडे पाठ करून, दवाखान्याच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांकडे तोंड. आडव्या लावलेल्या गाडीनं काकांनी दुसरी बाजू अडवली होती. अस्वलीण येणार ती मोकळी जागा बाईच्या थोडी मागे, डाव्या हाताला. दुधाचा टँकर आधी आला, कर्कश ब्रेक लावून थांबला, आणि त्याच्या चालकानं बाहेर डोकं काढून तिच्या घराण्याचा उद्धार केला. मग दोन मोटारी, एक ट्रक. भोंगे वाजायला लागले. “काय तमाशा आहे?” “बाई, मरायचं तर बाजूला जाऊन मरा!” ती हात पसरून उभी राहिली. टँकरच्या बाजूनं एक स्कूटर पुढं आली, मनगटाला पट्टी बांधलेली, हेल्मेटची काच वर. “ताई?” धाकटी म्हणाली. “ताई, तू इथं रस्त्यात काय... बाई गं, तुझे गुडघे!”

“दिवे बंद कर,” नकाशेबाई म्हणाली. “सगळ्यांना सांग. दिवे आणि इंजिनं.”

धाकटी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग स्कूटर तशीच सोडून मागे धावली, आणि दवाखान्यातल्या पेशंटला दटावतात त्या आवाजात तिनं एकेका खिडकीवर धड हाताची मूठ आपटली. “बंद करा. भोंगाही. अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का, मामा? बंद!” एकेक दिवा विझत गेला, एकेक इंजिन गप्प झालं, आणि शेवटी टँकरचंही. मग जी शांतता आली ती रस्ता बांधल्यापासून त्या जागेनं ऐकली नसेल. दिवेलागण होऊन गेली होती. धाकटी परत येऊन स्कूटरपाशी उभी राहिली, हेल्मेट काढलेलं, केस चिकटलेले, आणि ताईकडे बघून काहीतरी टोचून बोलायला तिनं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. तिचे डोळे ताईच्या खांद्यावरून मागे गेले होते.

नकाशेबाईनं मान वळवली नाही. वळवताच आली नाही. तिला ऐकू आलं तेवढं सांगतो. मऊ, जड, खरखरीत पावलं डांबरावर. ती थांबली. हुंगणं. अस्वलाचा उग्र वास, गरम. मग लहान, घाईची पावलं, एक घसरगुंडी, एक किरकिर, आणि पुन्हा शांतता, इतकी लांब की पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसलं असावं असं तिला वाटलं. पाठीच्या मधोमध, जिथं आपला हात पोचत नाही, तिथं कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. ती फक्त धाकटीचा चेहरा बघत होती. पलीकडे काय चाललं आहे ते तिला त्या चेहऱ्यावरच दिसणार होतं. धाकटीचं मोडलेलं मनगट छातीशी गेलं. तिचे ओठ हलले, हळूहळू, लहान बाळाला चालायला शिकवताना म्हणतात तसे: चल, चल, चल. मग तिचे डोळे तिच्या उजवीकडून डावीकडे सरकू लागले, अगदी सावकाश, रस्त्याची सगळी रुंदी संपेपर्यंत, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. तिकडे झाडीत फांदी मोडल्याचा आवाज झाला.

बोगद्याचा तळ अजून फोडून व्हायचा आहे. तोवर ती रोज दिवेलागणीला तिथं उभी असते, लाल फडकं घेऊन, आणि रोज तितकीच भिते. भीती काही कमी झालेली नाही, असं तिनंच धाकटीला सांगितलं आहे. कधी कुणी रस्ता ओलांडतं, कधी तासभर कुणीच येत नाही आणि लोक शिव्या देऊन जातात. तेव्हा बाबांनो, माय-माउल्यांनो, तुम्ही कधी जंगलामधून जाणाऱ्या रस्त्यानं संध्याकाळचे निघालात आणि पुढं रस्ता अगदी मोकळा दिसला, तर जरा वेग कमी करा. मोकळा दिसतो तो आपल्या उंचीवरून. कडेच्या काळोखात पिल्लाला पोटाशी घेऊन, पुढं जमीन आहे की नाही हे न कळून कुणीतरी थांबलं असेल. तिची तेवढी आठवण ठेवा.